विमानतळावर धरलेली जागा

सेनगाव सोडताना माझ्या गाडीच्या मागच्या काचेवर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र होतं, शेजारच्या सीटवर काळा चष्मा लावलेले धनसिंगकाका होते आणि समोरच्या कप्प्यात तीन-तीन प्रतींमध्ये काढलेले कागद होते. तहसील कचेरीत पंचवीस वर्षं कारकुनी केल्यावर माणूस कुठेही एका प्रतीवर निघत नाही. कागदांत काय होतं ते पुढे येईलच. आधी निघाले कशाला ते सांगते.

आठ महिन्यांपूर्वी माझी आई दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, कोलकात्याला गेली. महिनाभर राहून परत येणार होती. तिथे न्हाणीत पाय घसरला, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चालणं बंद पडलं. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता, मला सेनगावला जायचंय. आणि दादाचाही एकच प्रश्न होता, तिथे तुला बघणार कोण? सेनगावच्या घरात मी एकटी. मला लहानपणी पोलिओ झालेला. दोन्ही पाय अधू, कुबड्यांवर चालते. "तू स्वतःला सांभाळतेस तेच पुष्कळ आहे, सुमन," दादा फोनवर म्हणाला. "तिला गाडीत बसवायला इथे चार माणसं लागतात."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. पण माझं डोकं तापलं. मी म्हटलं, मी न्यायला येते, बघ तू. शेवटी तडजोड झाली. तिकडून आमच्या जवळपास थेट विमान येत नाही, म्हणून दादा आईला घेऊन राज्याच्या सीमेपलीकडच्या एका मोठ्या शहरात उतरणार. मी माझी गाडी घेऊन विमानतळावर जायचं आणि आईला माझ्या गाडीत बसवून दाखवायचं. जमलं तर आई माझी. नाही जमलं तर संध्याकाळी सहाच्या विमानाने दादा तिला परत घेऊन जाणार. त्याने आईचंही परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं. "पाचला काउंटर बंद होतं," असं त्याने मला दोनदा बजावलं.

आता धनसिंगकाका. हे सेनगावजवळच्या तांड्यावरचे. तीस वर्षं त्यांनी सेनगाव-हिंगोली जीप चालवली. तीन वर्षांपूर्वी मी गाडी घेतली तेव्हा मला चालवायला त्यांनीच शिकवलं. माझी गाडी हाताने चालते. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा आहे, पुढे ढकलला की ब्रेक, मागे ओढला की वेग. काकांनी आधी तो दांडा स्वतः आठ दिवस वापरला आणि मग मला शिकवला. आता त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता, त्यामुळे गाडी चालवायला त्यांना मनाई होती. म्हणजे जाऊन-येऊन सगळं चालवणारी मी एकटीच. काका सोबतीला.

दिवाळी होऊन गेली होती. रस्त्याच्या कडेला अजून कुठे कुठे सोयाबीन वाळत घातलेलं, तुरीला पिवळा फुलोरा आलेला. हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूर करत आम्ही वारंगा फाट्याला चहाला थांबलो. मी उतरले नाही. उतरणं म्हणजे कुबड्या काढणं, आणि कुबड्या काढल्या की चार माणसं मदतीला धावतात आणि मला नको तिथे धरतात. काकांनी चहा खिडकीशी आणून दिला. तेवढ्यात एक आजोबा काचेवरचं चित्र न्याहाळत न्याहाळत आले.

"दवाखान्याची गाडी हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, माझी हाय," मी म्हटलं.

"तुमी पेशंट हाव का?"

"न्हाई."

"मंग डाक्टर?"

काका मध्ये पडले. "बसायचंय का तुमाला? कुटं जायचंय?"

"डोंगरकड्याला."

"मंग बसा की. एवढं विचारता काहून?"

जीपवाल्याच्या गाडीत सीट रिकामी राहिली की त्याला घास गोड लागत नाही. आजोबा मागे बसले आणि डोंगरकड्यापर्यंत सरकारच्या या नव्या सोयीचं कौतुक करत राहिले. गाडीत सलाइन कुठे लटकवतात तेही त्यांनी विचारलं. डोंगरकड्याला उतरताना त्यांनी आपल्या पिशवीतली केळी काढून मला दिली आणि लवकर बरी हो म्हणाले. मी हो म्हटलं. दर वेळी भांडायला अंगात जोर कुठून आणायचा?

रात्रीचा मुक्काम नांदेडला मावसबहिणीकडे केला. तिने पहाटे उठून धपाटे थापले, शेंगदाण्याची चटणी दिली, लाल मिरचीचा ठेचा दिला आणि हे सगळं स्टीलच्या तीन कप्प्यांच्या डब्यात घालून तो डबा वायरच्या विणलेल्या थैलीत ठेवला. थैली काकांच्या ताब्यात दिली. हा तपशील मी उगाच सांगत नाही.

देगलूर मागे पडलं तशी पाट्यांवरची अक्षरं गोल झाली. मला काही वाचता येईना आणि काकांना तर काळ्या चष्म्यातून फक्त म्हशी ओळखता येत होत्या. मोबाइलमधली बाई डावीकडे वळा म्हणायची तिथे पूल असायचा आणि सरळ जा म्हणायची तिथे रस्ता खणलेला असायचा. दोनदा मी एकाच पेट्रोल पंपावर पोचले. दुसऱ्यांदा तिथल्या माणसाने मला नमस्कार केला. तरी सव्वादोनला विमानतळाची कमान दिसली. विमान तीन चाळीसला उतरणार होतं. काका म्हणाले, "लई टाइम हाय. आरामात जाऊ."

आता त्या कागदांचं. निघायच्या आधी मी विमानतळाच्या फोन नंबरवर सगळी चौकशी केली होती. तिथल्या मुलीने नीट समजावलं की आगमनाच्या बाजूच्या पार्किंगमध्ये, तळमजल्यावर, लिफ्टच्या जवळ दिव्यांग प्रवाशांसाठी राखीव जागा आहेत. जमिनीवर निळा रंग आहे. दिव्यांग ओळखपत्र दाखवलं की झालं. मी म्हटलं, हे मला लेखी द्या. तिने खरंच ईमेल पाठवला. तो मी छापून घेतला, ओळखपत्राच्या झेरॉक्स काढल्या, सगळ्यावर क्रमांक घातले. इतकी तयारी असल्यावर चुकायचं काही कारणच नव्हतं.

चुकले. कमानीनंतर रस्त्याला पाच फाटे फुटत होते आणि प्रत्येकावर विमानाचं चित्र होतं. एक विमान वर तोंड करून, एक खाली तोंड करून, बाकीची आडवी. मी नेमकी वर तोंडाच्या विमानामागे गेले आणि पुलावर चढले. वर विमानाने जाणाऱ्या प्रवाशांची गर्दी. एक शिट्टीवाला धावत आला. "मॅडम, ड्रॉप करके निकलो."

"किसको ड्रॉप करू?" मी विचारलं.

"मला न्हाई जायचं कुटं," काका घाईघाईने म्हणाले.

तिथून निघालं की थेट मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन वळसा घालून यावं लागतं. दुसऱ्या फेरीत मी टॅक्सीवाल्यांच्या रांगेत घुसले. तिथे सगळे माझ्यावर ओरडले. का ओरडले ते कळलं नाही, पण मीही ओरडून घेतलं. तिसऱ्या फेरीत पुन्हा तोच पूल, तोच शिट्टीवाला, पुन्हा तेच, ड्रॉप करके निकलो. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झालेली. मला घाम फुटला. पंचवीस वर्षं मी लोकांना कोणत्या खिडकीला जायचं ते सांगत आले आणि आज मला माझी खिडकी सापडत नव्हती.

काकांनी दार उघडलं. "हे बघ माय, तो म्हणून राहिला ना ड्रॉप कर, तर मला कर. मी खाली जाऊन जागा धरतो. तू फिरून ये निवांत." मी नको म्हणेपर्यंत ते थैली घेऊन उतरलेसुद्धा.

जागा धरणं म्हणजे काय ते आमच्याकडच्या वाचकांना सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. एसटी फलाटाला लागत असतानाच खिडकीतून आत दस्ती (रुमाल) टाकायची. ती ज्या सीटवर पडली ती सीट तुमची. मग तुम्ही ऊस चघळत आलात तरी चालतं. दस्ती उचलून तिथे बसायची हिंमत कोणी करत नाही. टोपी, चप्पल, कडबा कापायचा विळा, काहीही चालतं. माझ्यासारखीला तर या रिवाजाने आयुष्यभर तारलं आहे. कॉलेजला जाताना मी फलाटावर उभी असायची आणि कोणीतरी ओळखीचं माझी दस्ती आत फेकायचं.

पंधरा मिनिटांनी काकांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "घावली जागा! निळी निळी हाय, खुर्चीवाल्याचं चित्र हाय. एकच रिकामी होती. धरली बराबर. तू ये फक्त. मी दाराकडं येतो, तुला हात दाखवायला."

या चौथ्या फेरीत मला खाली तोंडाचं विमान सापडलं. पार्किंगच्या तोंडाशी आडवा दांडा होता आणि शेजारच्या केबिनमध्ये एक बाई. मी ईमेलची प्रत आणि ओळखपत्र पुढे केलं. तिने वाचलं, मग वाकून गाडीत पाहिलं.

"दिव्यांग कौन है?"

"मैं."

"ड्रायव्हर किधर है?"

"वो भी मैं."

तिने मागच्या सीटवर नजर टाकली. तिथे केळी होती. "मगर इसमें लिखा है, पॅसेंजर को लेने आए. पॅसेंजर दिव्यांग है?"

"हां, मेरी आई. वो विमान से आ रही है."

"मतलब दिव्यांग गाडी में है, कि आने वाला है?"

"है भी और आने वाली भी है," मी म्हटलं.

तिने समोरच्या रजिस्टरकडे पाहिलं. त्यात एकच रकाना होता. मला तिची अडचण कळत होती, कारण मीही आयुष्यभर अशाच रकान्यांत माणसं बसवत आले. आणि खरं सांगायचं तर माझाही गोंधळ उडाला. इथे मी कोण म्हणून आले होते? ज्याला मदत लागते ते माणूस म्हणून, की जे मदत करायला येतं ते म्हणून? आजवर मी पहिल्याच रांगेत उभी राहिले होते. दुसऱ्या रांगेत कोणी मला कधी उभं केलं नव्हतं.

तिने पेन उचललं तोच तिच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. ती ताडकन उभी राहिली आणि दांडा, जो अर्धा वर गेला होता, तो परत खाली आला. "रुको. अंदर बॅग मिला है. लावारिस."

माझ्यामागे गाड्यांची रांग लागली. भोंगे सुरू झाले. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या, गणवेशातले दोघे-तिघे पळत गेले. तीन चाळीस झाले. दादाचा फोन आला, उतरलो म्हणून. मी म्हटलं, मी दारात आहे. ते खोटं नव्हतं.

लगेच काकांचा फोन. "माय, तू आत येऊ नको बरं का जरा वेळ. इथं काहीतरी लफडं झालंय. कोण्या येड्यानं थैली टाकून देली म्हणं आन गेला पळून. दोरी बांधली, कुत्रं आणलंय. मी इथंच उभा हाय लोकायमधी, पाहून राहिलो. तू काळजी नको करू, आपली जागा पक्की हाय."

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"काका, आपली थैली कुठंय?"

"थैली? ती काय... जागेवर." काका म्हणाले. "दस्ती उडून राहिली होती वाऱ्यानं. म्हणून वर थैली ठेवली."

मग बराच वेळ फोनमधून फक्त कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. "माय," ते शेवटी म्हणाले, "आता काय करू?"

"दोरीपाशी जा आणि सांगा माझी आहे म्हणून. हात वर करून जा."

हात वर करायला मी का सांगितलं कोण जाणे. त्यामुळे काम आणखी बिघडलं असणार. मी केबिनमधल्या बाईला सगळं सांगितलं. तिला पहिल्यांदा ते कळलं नाही, दुसऱ्यांदा कळलं आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. थोड्या वेळाने एक अधिकारी बाई काकांना घेऊन माझ्या गाडीपाशीच आल्या. काका अपराध्यासारखे मागून चालत होते.

"ये आपके साथ हैं?"

"हां जी."

"चाचा, बॅग छोड के क्यों गए?"

"जागा धरली होती, साहेब," काका मराठीतच म्हणाले. "इच्या गाडीसाठी. त्याच्यात धपाटे हायेत. दुसरं काही न्हाई, आईशप्पत."

मी हिंदीत समजावलं. एसटी, खिडकी, दस्ती. सांगता सांगता मलाच ते सगळं वेड्यासारखं वाटायला लागलं. अधिकारी बाईंचा चेहरा मात्र हळूहळू बदलला. "तौलिया डाले थे?" त्यांनी काकांना विचारलं. "जगह रोकने को?"

काकांनी मान हलवली.

"मेरी अम्मा भी बस में तौलिया डालती," त्या म्हणाल्या, आणि हसू आवरायला त्यांनी तोंड फिरवलं. मग पुन्हा कडक आवाजात म्हणाल्या, "मगर चाचा, ये एअरपोर्ट है. यहाँ तौलिया नहीं चलता."

हसल्या म्हणून सुटका झाली नाही. आत नेऊन डबा काकांनाच उघडायला लावला. तिन्ही कप्पे. ठेच्याच्या वासाने कुत्रं शिंकलं असं काका नंतर शपथेवर सांगत होते. मग जबाब लिहून द्यावा लागला. काकांना लिहिता येईना, म्हणून मी गाडीतूनच सांगत गेले आणि केबिनमधली बाई लिहीत गेली. मी सवयीने 'वरील मजकूर वाचून दाखवला व तो खरा आहे' हेसुद्धा घालायला लावलं. त्यात वीस मिनिटं गेली. दादाचा तिसरा फोन आला तेव्हा चार पंचवीस झाले होते.

"सुमन, आम्ही बाहेर येऊन अर्धा तास झाला. आई बसून थकली आहे. मी तिला वर नेतो, काउंटरला."

"दादा, दहा मिनिटं दे."

"तुला साधी पार्किंगची जागा मिळत नाही, आणि तू..."

"जागा मिळाली आहे. आत्ता फक्त पोलीस तपासून देत आहेत." हे बोलले आणि जीभ चावली. दादाने सुस्कारा सोडला. मागून आईचा आवाज आला, "येऊ दे रे तिला, एवढी आली तर." हे ऐकलं आणि मला रडू आलं. रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या समोर, दांड्यापाशी, मी रडले.

दांडा वर गेला. अधिकारी बाई स्वतः पुढे चालत गेल्या आणि मला जागा दाखवली. निळा चौकोन. त्याच्या शेजारी तेवढीच रुंद, पिवळ्या पट्ट्या ओढलेली मोकळी जागा. काकांनी थैली ठेवली होती ती त्या पट्ट्यांवर. मी विचारलं, ह्या दोन गाड्यांच्या जागा आहेत का, कुठल्या रंगावर उभी करू? "गाडी ब्लू में," त्या म्हणाल्या, "पट्टी खाली रखना. वो कुर्सी के वास्ते है. दरवाजा पूरा खुलना न." म्हणजे ती जागा रिकामी राहावी म्हणूनच रंगवली होती. मला बसायला जागा लोकांनी पुष्कळदा दिली आहे, तीही कीव करून. पण माझ्या शेजारी, मला हलता यावं म्हणून, आधीपासून ठरवून सोडलेली मोकळी जागा मी पहिल्यांदा पाहिली. मला इतकं बरं वाटलं की दोन क्षण मी सगळी घाई विसरले.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि आई आली. विमानतळावरचा एक माणूस खुर्ची ढकलत होता, बाजूने दादा, सारखं मनगट झटकून घड्याळ बघणारा. आईचे केस कापलेले. दवाखान्यात कापले असणार. मला कोणी सांगितलं नव्हतं. अंगावर अनोळखी रंगाची शाल. आठ महिन्यांत ती निम्मी झाली होती.

"आलीस का ग सुमे?" ती म्हणाली. "तूच आणली गाडी?"

"मीच."

"याडी, लई झ्याक चालवती," काका म्हणाले. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आणि काका माझ्या आईला नेहमी तेच म्हणत आले.

"चला, वेळ नाही," दादा म्हणाला. चार पंचेचाळीस झाले होते. त्याने खुर्चीवाल्याला खूण केली. "मी काखेत धरतो, तुम्ही पाय घ्या. काका, तुम्ही कमरेला." तिघांचे हात पुढे आले तशी आईने डोळे गच्च मिटले आणि खुर्चीच्या दांड्या घट्ट धरल्या. "हळू रे, दुखतं," ती आधीच म्हणाली. अजून तिला कोणी हातसुद्धा लावला नव्हता.

तो चेहरा मला ओळखीचा होता. तो माझा चेहरा आहे. कोणी उचलायला आलं की माझा असाच होतो.

"थांबा," मी म्हटलं. "कोणीच हात लावायचा नाही."

मी कुबड्या काढल्या, उतरले आणि गाडीला वळसा घालून आले. शेजारचं दार पूर्ण उघडलं. पट्ट्यांमुळे ते पूर्ण उघडलं. सीट मागे सरकवली. त्यावर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी पसरली. मी स्वतः रोज तशीच पसरते, म्हणजे अंग घसरतं, अडकत नाही. खुर्ची दाराशी तिरपी लावायला सांगितली, चाकं अडकवायला लावली.

"आई, ऐक. गाडीकडे पाठ. उजवा पाय जमिनीवर, तो चांगला आहे ना? डावा नुसता पुढे लांब राहू दे. एक हात दाराच्या कडेवर, एक सीटवर."

"पडन ना मी."

"पडलीस तर माझ्या अंगावर पडशील. मला पडायची सवय आहे."

"सुमन, हे काय खेळ..." दादा म्हणाला. खुर्चीवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, साहेब, बघू द्या, अशा अर्थाने.

पहिल्यांदा आई उठली आणि परत खुर्चीत बसली. दुसऱ्यांदाही. तिचे दंड कापत होते. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "बूड टेकव आधी. पायांचा विचारच करू नको. पाय मागून येतात, माझेही तसेच येतात." ती उठली, वळली आणि सीटच्या कडेवर टेकली. मग पिशवीवरून घसरत आत सरकली. उजवा पाय तिने स्वतः आत घेतला. डावा दोन्ही हातांनी पोटरीखाली धरला, मी शिकवलं तसा, आणि उचलून आत ठेवला.

दादाचे हात अजून पुढे पसरलेलेच होते. आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दुखलं न्हाई," ती म्हणाली. तिलाच त्याचं नवल वाटत होतं.

चार छप्पन्न. दादाने खिशातून दोन तिकिटं काढली, एक परत खिशात ठेवलं, एक दुमडलं. "उतरताना?" त्याने विचारलं.

"असंच, उलटं."

त्याने मान हलवली. आईच्या पायाला हात लावला, शाल नीट केली आणि पळत लिफ्टकडे गेला. जाताना त्याचे डोळे भरले होते. तो वाईट नाही. त्याला कोणी शिकवलं नव्हतं एवढंच.

त्या दिवशी शहराबाहेरच्या एका लॉजवर राहिलो आणि सकाळी उन्हं चढल्यावर निघालो. देगलूरजवळ पाट्या मराठी झाल्या तशी आई एकेक पाटी मोठ्याने वाचायला लागली, खताच्या दुकानाचीसुद्धा. धपाटे तिनेच संपवले. काका मागच्या सीटवर झोपले होते. नांदेड सोडल्यावर ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.

"हे असं बसायचं, उठायचं, तुला कोणी शिकवलं ग?"

"कोणी नाही. पडत पडत आलं."

"मी तर तुला कडेवरच घेऊन हिंडले," ती म्हणाली. "शाळेत, देवळात, दवाखान्यात. माझ्या मनात कधी आलंच न्हाई, की हिला हिचं हिचं करू द्यावं."

तिने मला कडेवर घेतलं म्हणूनच मी शाळेत पोचले, हेही खरं आहे. पण उचलणारी माणसं पुष्कळ असली आणि शेजारी हातभर मोकळी जागा नसली, तर माणूस उचललेलंच राहतं. त्या पिवळ्या पट्ट्यांनी मला हे दाखवलं. विमानतळावरचं बाकी काहीच मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुन्हा गेले तर पुन्हा त्याच पुलावर चढेन.

संध्याकाळी सेनगावला घरापुढे गाडी थांबवली. गल्लीला बातमी आधीच लागली होती. समोरून चौघे जण बाज घेऊन निघाले, दोघांनी बाह्यासुद्धा वर केल्या होत्या. मी गाडी मुद्दाम ओट्यापासून लांब, मोकळ्यात उभी केली, दार पूर्ण उघडलं, दादाने विमानातून सोबत आणून डिकीत ठेवलेली घडीची चाकाची खुर्ची लावली. "काकू, आमी घेतो उचलून," बाजवाले म्हणाले. आईने त्यांना हाताने मागे सारलं.

तेवढ्यात दादाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "पोचलात का? कोणी उतरवलं तिला?"

आईचा उजवा पाय जमिनीला लागला होता, डावा अजून दोन्ही हातांत होता.

"थांब रे जरासा," ती म्हणाली. "मी उतरून राहिले."